तिसऱ्या ओळीनंतर

मिस्त्री नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्याने दुरुस्त केलेल्या बाज्यात खोट काढायची कुणाची छाती नव्हती. पण या दगडी चर्चमधल्या जुन्या ऑर्गनने त्याला तीन आठवडे घाम फोडला. दीडशे वर्षांचं ते धूड, हवा भरायचा भाता पार फाटलेला. त्यात कमिटीच्या चेअरमननी साफ सांगून टाकलेलं, "रविवारी नीट वाजला तर राहील, नाहीतर भंगारात. नवा इलेक्ट्रॉनिक बाजा बघून ठेवलाय."

भंगार? मिस्त्री तडक ऑर्गनच्या आत शिरला. असं काम आता कोण करतं हो? एकेका नळीवर जुन्या कारागिरांनी पेन्सिलीने आपापली खूण करून ठेवलेली. ती बघून तो तासभर नुसता बसून राहिला. मग त्याने भात्याचं कातडं बदललं, प्रत्येक शिवण सरसाने बुजवली. जराशी जरी हवा सुटली तर नाव बदलेन, म्हणाला.

रविवारी चर्च गच्च भरलं. ऑर्गन वाजवायला सत्तरीच्या मावशी बसल्या आणि मागे भात्याचा दांडा ओढायला खुद्द मिस्त्री. गीत सुरू झालं. काय भरदार आवाज तो, भिंतीसुद्धा ऐकत असाव्यात. मिस्त्रीची छाती फुगली.

तिसरी ओळ संपली आणि सगळं चर्च एकदम थांबलं. झाडून सगळे. ऑर्गन मात्र आपला पुढे धावला. मग कुणी मध्येच शिरलं, कुणी मागे राहिलं, नुसता सावळागोंधळ.

"बघा, बिघडलाच शेवटी," पहिल्या बाकावरून चेअरमन म्हणाले.

मिस्त्रीचा चेहरा खर्रकन उतरला. मावशी मान वळवून कुजबुजल्या, "अहो, इथे भाता रिकामा व्हायचा. माझ्या आजीच्या काळापासून. तो भरेपर्यंत सगळे थांबायचे. सूर गेला की हात उचलायचा, एवढंच मला ठाऊक. आज सूर गेलाच नाही."

म्हणजे चूक काय, तर काम चोख झालं होतं.

दुसरं कडवं सुरू झालं. चांगला चाललेला भाता मुद्दाम बंद पाडायचा, हे मिस्त्रीच्या अगदी जिवावर आलं. उभ्या आयुष्यात त्याने असलं पाप केलं नव्हतं. पण दात-ओठ खात त्याने एक ओळ आधीच दांडा सोडला. सूर बसत बसत गेला आणि नेमका तिसऱ्या ओळीअखेर विझला.

आणि तीनशे माणसांनी एकदम श्वास घेतला. मागे बसून मिस्त्रीने तो ऐकला, अंगावर काटा आला त्याच्या. किती पिढ्या याच जागी असा श्वास घेत आल्या असतील. त्याने दांडा ओढला आणि चौथी ओळ सगळ्यांनी मिळून उचलली.

प्रार्थना संपल्यावर चेअरमन मागे आले. डोळे लाल.

"लहानपणी तिसऱ्या ओळीनंतर थांबलं की आई वळून बघायची, मी गातोय का म्हणून. आज मीच मान वर करून तिला शोधलं." त्यांनी ऑर्गनवर हात ठेवला. "ऑर्गन राहील. पण तुम्ही तर भाता पक्का करून ठेवलाय. हे थांबणं राहणार कसं?"

मिस्त्रीने कपाळावरचा घाम पुसला.

"दर रविवारी येतो की बिघडवायला," तो म्हणाला.