दोन खेपांचा अर्ज

या, असे जवळ सरका. बुवा अजून चहा घेताहेत, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर आमच्या हळर्णच्या कृष्णनाथभाऊंची गोष्ट ऐका.

भाऊ कीर्तन मंडळाचे अध्यक्ष, तीन-तीन वर्षांच्या पाच खेपा. पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावून हार घालायचा मान अध्यक्षाचा. तेवढ्या घटकेसाठी भाऊ वर्षभर जगायचे, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

तीन वर्षांमागे त्यांनी सरकारला एक अर्ज लिहिला. राज्यपालांची मुदत पाच वर्षांची, मग मुख्यमंत्र्यांनाच हद्द का नाही? त्या खुर्चीत कोणी दोन खेपांहून जास्त बसू नये, असा कायदा करा. पार मोपा गावापर्यंत फिरून त्यांनी सह्या जमवल्या आणि शेवटी कागद बायकोपुढे ठेवला. शेवंतीवहिनी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. हात पुसून त्यांनी अर्ज पुरता वाचला आणि पेन परत दिलं.

"मुख्यमंत्र्याक दोन खेपा, आनी तुमकां पाच?"

भाऊ म्हणाले, ते राज्य, हे देवाचं काम. देवाच्या कामाला कसली मुदत?

"देवाक मुदत ना," वहिनी म्हणाल्या. "तुमी देव न्हय."

भाऊ दोन दिवस अर्ज पेटीतून काढत आणि परत ठेवत राहिले. अर्ज फाडावा तर सह्या गावाच्या, पाठवावा तर हार हातचा जातो. तिसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनीच मंडळासाठी दोन खेपांचा नियम मांडला. पुढच्या वेळेपासून लावू या, असं मंडळातल्या सगुणने मायेनं सुचवलं, तर त्याच्यावरच उखडले. सुविधा मास्तरीण अध्यक्ष झाली. मग कुठे वहिनींनी अर्जावर सही केली.

सप्ताहात पूर्वरंग संपला आणि भाऊ सवयीनं उठून अर्ध्या वाटेपर्यंत गेले. सुविधा हार घेऊन उभी, पण गडबडीत बुक्का विसरलेली. भाऊंनी बुक्क्याची वाटी उचलली. आम्हाला वाटलं, आता स्वतःच लावतात. त्यांनी ती तिच्या हातात ठेवली.

"आदीं बुक्को, मागीर हार," हळूच म्हणाले आणि येऊन आमच्यात बसले.

एरवी उत्तररंग चालू असताना ते आरतीच्या धावपळीत असायचे. पंधरा वर्षांत त्या दिवशी प्रथमच त्यांनी आख्यान शेवटपर्यंत ऐकलं, आणि घरी जाताना वहिनींना अर्धं पुन्हा सांगितलं.

आज गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलंय. आता नामाचा गजर होईल, तेव्हा टाळी वाजवताना आमच्या भाऊंची आठवण काढा.