घरात दोन पॉझिटिव्ह

दोन हिवाळे रागिणीची बोटं सुजत होती, उन्हात बसलं की गाल लालभडक होत होते, आणि या दुखण्याला दुखणं म्हणायला कुणी तयार नव्हतं. चंडीगडच्या थंडीत उन्हाला नावं ठेवणं म्हणजे सासरच्या कुलदैवताला नावं ठेवणं. शेजारच्या भाटियाबाई म्हणायच्या, "धूप में बैठो जी, सब ठीक हो जाएगा." विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे तिचे यजमान विलासराव म्हणायचे, "मनावर घेऊ नकोस."

शेवटी महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीने ती डॉक्टर नेत्राकडे गेली. नेत्राला ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याच्या आजाराची, शंका आली. तिने रक्तातल्या अँटीबॉडीची एएनए ही तपासणी लिहून दिली. एएनए पॉझिटिव्ह आलं.

"पण काकू, एवढ्यावरून ल्युपस म्हणता येत नाही. कधीकधी धडधाकट माणसांचंही हे पॉझिटिव्ह येतं. आता दुसरी, नेमकी अँटीबॉडी बघू."

विलासरावांनी त्यातलं 'धडधाकट' तेवढं उचललं. बायको ठणठणीत आहे हे सिद्ध करायला त्यांनी लॅबमध्ये स्वतःचा दंड पुढे केला. त्यांचंही पॉझिटिव्ह आलं.

"बघ," ते म्हणाले, "मला काही होतंय का?"

संध्याकाळपर्यंत व्हायला लागलं. आधी गुडघा, मग खांदा. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते रजईत शिरले.

"रागिणी, सांधे दुखणं फार वाईट गं. तुला काय कल्पना?"

"मला कुठून असणार?" म्हणत तिने सुजल्या बोटांनी त्यांना मऊ भात कालवून दिला.

पुढच्या आठवड्यात दोघं नेत्रासमोर बसली. दुसरी तपासणीही विलासरावांनी हट्टाने करून घेतली होती.

"काका, तुम्हाला काही झालेलं नाही. काकू, तुमची ही अँटीबॉडी बरीच जास्त आहे. लक्षणं, लघवीचा रिपोर्ट, सगळं जुळतंय. ल्युपसच आहे. औषधं आजच सुरू करू."

रागिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घाबरू नका काकू, आटोक्यात ठेवता येतो."

"घाबरले नाही गं. मला वाटायचं, मी नुसती आळशी झालेय."

"असं कोण म्हणालं तुला?" विलासराव तावातावाने म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

साऱ्या प्राध्यापकीत प्रथमच विलासरावांनी स्वतःचा प्रश्न मागे घेतला. मग घसा खाकरून, औषधं जेवणाआधी द्यायची की नंतर, ते नीट विचारून घेतलं.