नवे अ‍ॅक्सल आणि शेजारची जागा

मी एक जीप आहे. धामणगाव बढ्याला सहदेवच्या अंगणात, कडुनिंबाखाली उभी असते. दुपारी कोंबड्या माझ्या पोटाखाली सावलीला येतात. त्यांच्याशिवाय आता माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. म्हणून तुमच्याशी बोलते.

मला फौजेसाठी बनवलं होतं. स्टिअरिंग डाव्या हाताला, दारं नाहीत, डोक्यावर ताडपत्री. मोठी लढाई संपली तशी आमची गरज संपली. एका उघड्या मैदानात आम्ही ओळीनं लिलावाची वाट पाहत उभ्या होतो. रोज एखादी शेजारीण जायची, पुन्हा दिसायची नाही. शेवटी मोताळ्याच्या उत्तमरावांनी मला विकत घेतलं. त्यांच्या शेतावर मी कापूस वाहिला. पुढे त्यांच्याकडे ट्रक आला आणि मला गोठ्यामागे लोटून दिलं. माझ्या सीटवर कडब्याच्या पेंढ्या रचल्या.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली सहदेव फौजेतून पेन्शनीवर घरी आला. तिथं तो गाड्यांचा फिटर होता. उत्तमरावांकडे कशाला तरी आला असताना त्यानं मला पाहिलं. पेंढ्या बाजूला केल्या, बॉनेट उघडलं आणि कितीतरी वेळ आत बघत राहिला. मग त्यानं मला मागून घेतलं.

मी त्याला स्वतःसाठी नको होते. त्याची बायको जनकाबाई गावच्या दवाखान्यात नर्स होती. डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला ती पायी जायची, पावसाळ्यात चिखल तुडवत. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. लोकांची मुलं मात्र तिच्या हातावर जन्माला यायची.

मी आल्यावर ती माझ्या उजवीकडच्या सीटवर बसू लागली. मांडीवर औषधांची पेटी, डोक्यावर पदर घट्ट. सहदेव गाडी जोरात हाकू लागला की ती नुसता एक हात समोरच्या दांडीवर ठेवायची. तेवढ्यावर तो वेग कमी करायचा. बोलायची दोघांना फारशी गरज पडत नसे.

एका श्रावणात वस्तीवरून निरोप आला. गोजरबाई नावाची बाई सकाळपासून अडली होती. आम्ही लगेच निघालो. वस्तीच्या अलीकडच्या नाल्यात माझं मागचं चाक काळ्या चिखलात बसलं. सहदेवनं जोर लावला आणि चाक फिरवणारा आतला दांडा कडकन तुटला. सहदेव म्हणाला, तू बस, मी आत्ता काहीतरी करतो. जनकाबाई बसून राहिली. तो इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जोडून गाडी ओढायचा प्रयत्न करत होता, चिखलात दगड भरत होता. मी जागची हलले नाही. अखेर ती पेटी घेऊन उतरली आणि पायी निघाली.

ती परत आली तेव्हा दिवस मावळत होता. गोजरबाई वाचली होती. बाळ गेलं होतं.

मला बैलांनी ओढून घरी आणलं. त्यानंतर जनकाबाई माझ्यात बसली नाही. सहदेवनं दांडा बदलून मला पुन्हा चालती केली, तरी ती पायीच जायची. तो गाडी सुरू करून वाट पाहायचा; ती माझ्या बाजूनं निघून जायची. ती त्याला काही बोलली नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा आणि परत माझ्याकडे यायचा. घरात दोन माणसं होती आणि दोघंही एकटी होती. अंगणात मी तिसरी.

उन्हाळा लागला तेव्हा त्यानं दांडा पुन्हा तुटू नये म्हणून खामगावच्या भंगारातून फौजेच्याच एका जड गाडीचे, दोन्ही बाजूंची चाकं जोडणारे दणकट दोन अ‍ॅक्सल आणले. मोताळ्याच्या कारभारी नावाच्या लोहाराकडून माझे पाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, नव्यानं वाकवून घेतले, त्यांत वाढीव पाती घातली. नव्या अ‍ॅक्सलवर पाटे बसावेत म्हणून कारभाऱ्यानं जाड पट्ट्या करून दिल्या. बाकी सगळं काम अंगणातच. सहदेवनं मला जॅकवर उचललं, सांगाड्याखाली दगड रचले, चाकं काढली, ब्रेकच्या नळ्या सोडवल्या. गंजलेल्या नटांना तेल पाजून तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचा. माझे जुने अ‍ॅक्सल निघाले तेव्हा मला हलकं वाटलं नाही. पायच नसल्यासारखं वाटलं.

पुढचा अ‍ॅक्सल त्यानं एकट्यानंच बसवला. मागचा जड होता. एक टोक बसवलं की दुसरं सुटायचं. शेजारच्यांना हाक मारायची त्याला लाज वाटत असावी. हे काम कुणासाठी चाललंय, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

त्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि काळी जमीन मऊ झाली होती. सहदेव माझ्याखाली उताणा पडून क्लॅम्पचे नट आवळत होता. एका बाजूचा दगड मातीत खचू लागला. मी त्याच्यावर झुकत होते आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

जनकाबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. तिनं मान वर केली. सूप टाकून ती धावली, सरपणातला बाभळीचा ओंडका ओढत आणला आणि माझ्या सांगाड्याखाली सारला. मी त्या ओंडक्यावर टेकले. सहदेव सरकत बाहेर आला. त्याच्या कपाळाला खरचटलं होतं, बाकी काही नाही.

ती तिथंच मातीत बसली. 

"मी उतरून पायी गेली असती तं येळेवर पोचली असती," ती म्हणाली. "गाडी निंगंन म्हनून बसून राह्यली. तुमच्यावर नाई, माह्यावरच राग हाये मले."

"बस म्हनून मीच म्हनलं व्हतं तुले," सहदेव म्हणाला.

 अंगणभर सांडलेली ज्वारी कोंबड्या टिपत होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही. मग जनकाबाईनं पदर खोचला.

"सांगा, कुठं धरू?"

मागचा अ‍ॅक्सल त्या दोघांनी मिळून बसवला. तिनं पहारीवर भार दिला, त्यानं नट आवळले. मी पहिल्यापेक्षा हातभर उंच झाले. तिला चढता यावं म्हणून सहदेवनं उजव्या बाजूला लोखंडी पायरी लावून दिली.

पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत भरलेली. नाले, दगडी वाटा, नांगरलेली रानं, कुठंच मी अडले नाही. आम्ही येताना दिसलो की वस्तीवरच्या बाया चुलीवर पाणी ठेवायच्या. पण आत ती गेली की बाहेर मी आणि सहदेव. तो बॉनेटला टेकून उभा राहायचा आणि घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं की माझ्यावर हलकेच थाप मारायचा.

मग जनकाबाईला कावीळ झाली. ती इतरांची औषधं करत राहिली आणि स्वतःचं दुखणं अंगावर काढलं. सहदेवनं तिला माझ्यात बसवून बुलढाण्याला नेलं. तोवर रस्ता डांबरी झाला होता. घाटातही एक खड्डा लागला नाही. माझ्या दणकट अ‍ॅक्सलना, वाढवलेल्या पाट्यांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आम्ही वेळेवर पोचलो. डॉक्टरांनी लगेच हाती घेतलं. तरी चौथ्या दिवशी ती गेली.

परत येताना सहदेवनं माझा वेग कुठंच वाढवला नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सहदेवच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तरी दर रविवारी तो माझं इंजिन सुरू करतो, चाचपडत अ‍ॅक्सलना ग्रीस भरतो आणि थोडा वेळ स्टिअरिंगपाशी बसून राहतो. उजवीकडच्या सीटवर तो काही ठेवत नाही, नट आवळायचा पानासुद्धा नाही.

परवा दवाखान्यातल्या नव्या नर्सबाई आल्या होत्या, सिंधूताई. डोंगराकडच्या वस्त्यांवर अजून एसटी जात नाही. त्यांनी माझ्याभोवती चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं आणि गाडी चालते का म्हणून विचारलं.

"गाडी चालते, बाई," सहदेव म्हणाला. "मीच नाई चालत आता."

 सिंधूताई पिशवी खांद्याला अडकवून पायी निघाल्या. कुंपणापाशी मात्र थांबून त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं.

मला हाक मारता येत नाही. येत असती तर म्हणाले असते, सिंधूताई, शेजारच्या जागेवर कशाला, इकडे डावीकडे, स्टिअरिंगपाशी बसा. म्हाताऱ्याला उजवीकडे बसवा. तो सांगेल, तुम्ही शिका. माझे पाय अजून शाबूत आहेत.