फिजीच्या किनाऱ्यावरची बिनजिभेची घंटा

मी एक जुना गॅसचा सिलिंडर आहे. गॅस संपला, बूड कापले गेले आणि मी चर्चची घंटा झालो! फिजीतल्या एका किनाऱ्यावर नीरफणसाच्या फांदीला मी लटकतो. मला जीभ नाही, म्हणून गावातला विलिकेसा लोखंडी गजाने मला बडवतो.

मित्रांनो, आमच्या खाडीतले मासे आटले होते. समुद्र अंगणात आणि ताटात दुकानातले डबाबंद मासे! पाहुण्यांसमोर गावाची मान खाली जाई. शेवटी पाद्री इसिकेलींनी देवाच्या नावाने खाडीत मासेमारीची बंदी घातली. एकाने मोडली की ती सगळ्यांसाठीच उठली, असा गावचा रिवाज. त्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्यावर डोळा ठेवून होता.

त्यातच विलिकेसाची सासू राहायला आली.

"समुद्राकाठचा जावई, आणि मला डब्यातले मासे वाढतो?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

बिचाऱ्याला ते फार लागले. रविवारी सकाळी तो मला वाजवायचा गज घेऊनच खाडीत गेला. प्रार्थनेची वेळ टळली. पांढऱ्या कपड्यांतली मंडळी दारात ताटकळली. मी मुका! एवढ्यात विलिकेसा भिजलेला, धापा टाकत आला आणि सवयीने त्याने गज माझ्यावर हाणला.

थप्प!

माझा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. गजाला एक भलामोठा ऑक्टोपस घट्ट चिकटला होता. विलिकेसाने खडकातल्या बिळात गज खुपसला, तेव्हा ऑक्टोपसने गजाला मिठी मारली ती सोडलीच नव्हती.

"हा माझ्या मागेच लागला हो!" विलिकेसा म्हणाला.

पाद्रीबाबांची नजर ऑक्टोपसवरून हलेना. "आता आलाच आहे, तर वाया कशाला..."

"हो ना!" दारात ताटकळलेल्या मेरेसेइनी आजी कडाडल्या. "नारळाच्या रसात शिजवा. देवानं विचारलं तर सांगा, चव छान होती! आणि उद्यापासून गावानं खाडीत जाळी टाकायची का?"

पाद्रीबाबा कानापर्यंत लाल झाले. मग ऑक्टोपसला सोडायला अख्खे गाव पाण्यापाशी गेले, सासूसुद्धा. फांदीवरून मला सगळे दिसत होते. विलिकेसा कमरेएवढ्या पाण्यात गज धरून उभा राहिला. ऑक्टोपस काही सोडेना.

"सोड रे बाबा, चुकलो मी," तो काकुळतीने म्हणाला.

हळूहळू एकेक हात सुटला. शाईचा फवारा विलिकेसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला आणि ऑक्टोपस खडकाआड गेला. कुणीच हसले नाही. पाद्रीबाबा हळूच "आमेन" म्हणाले. प्रार्थना झालीच नव्हती, तरी ते कुणाला चुकीचे वाटले नाही. मलाही नाही. बंदी टिकली.

मित्रांनो, आता मला गंज चढला आहे. एक दिवस मी खाली पडेन. तेव्हा मला कुठेही ठेवा, पण समुद्रात टाकू नका. तिथे कुणीतरी राहते.