वाटसरू अडवणारी चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. पण नुसती चटई म्हणालात तर मला राग येईल हं! सुदानमध्ये, खार्तूमला जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला एक गाव आहे, त्या गावाची मी मानाची चटई. ताडाच्या पात्यांची, आठ हात लांब. तीन बायकांनी महिनाभर बसून मला विणले आणि त्या महिन्यात गावातली एकही भानगड त्यांनी बोलायची ठेवली नाही.

रमजानात सूर्य कलला की मला रस्त्याकडेला अंथरत. ताटे मांडून झाली की हजला जाऊन आलेला गावचा म्हातारा, हाज तिजानी, आपला लांब फेटा सोडायचा, एक टोक पलीकडच्या शेजाऱ्याकडे फेकायचा आणि दोघे मिळून रस्ता अडवायचे. ट्रक थांबे, बस थांबे. "उतरा! उपास न सोडता पुढे गेलात तर आमच्या गावाला तोंड दाखवायला जागा राहील का?" असा त्याचा आवाज घुमे. किती अनोळखी माणसे माझ्यावर पोटभर जेवून गेली, त्याची गणती नाही.

मग युद्ध आले आणि गाव उठले. हाजची मुलगी अवदिया हिचा नवरा त्यात गेला. तिच्या दोन लहान मुलींना घेऊन सारे निघाले, तेव्हा हाजने भांडीकुंडी सोडली, पण मला खांद्यावर घेतले. दोन वर्षे कैरोत काढली आणि शेवटी ऑस्ट्रेलियात, टूवूम्बा नावाच्या शहरात आसरा मिळाला. विमानतळावरच्या माणसांनी मला उलटीपालटी करून तपासले. विणीत अडकलेली एक खजुराची बी तेवढी काढून घेतली आणि मला आत सोडले.

तिथे अबक्कर होता. सुदानातल्याच दारफूरहून वीस वर्षांपूर्वी आलेला, इस्पितळात काम करणारा. त्याने नफीर पुकारली. नफीर म्हणजे तुमची इर्जिकच की! एका हाकेत चाळीस घरे धावली. खाटा आल्या, शेगडी आली, मुलींची नावे शाळेत घातली गेली. अबक्करची बायको अवदियाला हाताशी धरून कोणती बस कुठे जाते ते शिकवू लागली.

मला मात्र कपाटामागे उभे केले. रमजान लागला, तरी इथे उपास सोडायचा तो घरात, दार लावून. हाज दिवसेंदिवस गप्प होत चालला. एके दिवशी म्हणाला, "ईद झाली की मी कैरोला परत जातो."

"अबूय, असं काय बोलता? दोन पोरींना घेऊन मी एकटी इथं कशी राहू?" अवदिया रडकुंडीला आली.

"सगळे देतात आणि मी घेतो. दाराआड बसून घास उतरत नाही माझ्या घशाखाली," तो म्हणाला.

चौथ्या रोजाला त्याने मला बाहेर काढून पदपथावर पसरले. फेट्याचे दुसरे टोक धरायला कोणी नव्हते, म्हणून ते विजेच्या खांबाला बांधले आणि स्वतः रस्ता अडवून उभा राहिला. समोरून शहराची बस आली. असा काही ब्रेक लागला म्हणता! बस चालवणाऱ्या लॉरेनबाईला वाटले, कोणीतरी चाकाखाली आले. पोलीस आले आणि मागोमाग अबक्कर धावत आला.

"हाज, अहो हे काय आपलं गाव आहे का!"

"बस आहे ना? बसमध्ये उपाशी माणसं आहेत ना? मग झालं तर!"

पोलिसांनी समज देऊन सोडले. पण हाजने घरी येऊन पिशवी भरायला घेतली. "जेवायला थांबवलं तर हे पोलीस बोलावतात. आता बास!"

अबक्कर हटणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा नफीर पुकारली. घरासमोरच्या हिरवळीवर मला अंथरले आणि एकेक जण सहज चालल्यासारखा हाजच्या समोरून जाऊ लागला. हाजने दहा जणांना अडवले, बसवले. मग तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अबक्कर, मला काय दूधखुळा समजलास? वाटसरूच्या पायाला धूळ असते. तुमच्या अंगाला अत्तराचा वास येतोय! आणि ही तुझी बायको, घरचं पातेलं घेऊन प्रवासाला निघाली होय?"

हास्याचा गडगडाट झाला. हाजही हसला, पण तो माझ्या अगदी कडेला टेकला होता, केव्हाही उठून जाईल असा. माझा जीव खालीवर होत होता.

तेवढ्यात कामावरून सुटलेली लॉरेनबाई पायी घरी निघालेली दिसली. कालच्या म्हाताऱ्याला पाहून ती थबकली. "आज नाही का अडवणार मला?" तिने विचारले. फेटा कशासाठी ताणला होता, ते अबक्करने तिला सांगितले.

"म्हणजे जेवायला बोलावत होतात? आणि मी मेली पोलिसांना फोन केला!"

हाजने तिच्या धुळीने माखलेल्या बुटांकडे पाहिले आणि तिची बाहीच धरली. सूर्य मावळला. सगळ्यांबरोबर तिने हाताने ज्वारीची उकड खाल्ली, बोटे चाटली आणि विचारले, "आमच्या डेपोत याच वेळेला आणखी पाच जण सुटतात. त्यांना आणू का?"

हाज माझ्यावर चांगली मांडी घालून बसला. "अवदिया, ही एक चटई पुरायची नाही. पुढच्या रमजानापर्यंत दुसरी विणून काढ."

अवदियाच्या हातातला पाण्याचा जग तिथेच थांबला. "काय म्हणालात अबूय?"

"बहिरी झालीस का गं? पुढच्या रमजानापर्यंत, म्हटलं! आणि बाईंना पाणी दे आधी."

अवदिया पाणी ओतत होती आणि घळाघळा रडत होती. मी तर आनंदाने ताठ झाले.

मित्रांनो, तुमच्या वस्तीत कोणी दुरून राहायला आले तर त्यांना भांडी द्या, पांघरुणे द्या, जरूर द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. एकदा त्यांच्या घरी जेवायलाही जा, आणि जाताना पोट रिकामे ठेवून जा.