बोलणं बंद, व्यापार सुरू

दगडू परब आणि वसंत राणे भोईवाड्यातल्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर राहायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. एकेकाळी दोघे एका मिलच्या साचाखात्यात, कापड विणायच्या विभागात, शेजारशेजारचे साचे चालवायचे, एकाच डब्यातून जेवायचे. मग ब्याऐंशीचा संप आला. संप लांबत गेला, आणि एका सकाळी वसंत मान खाली घालून मिलच्या गेटातून आत शिरला. गेटाबाहेर घोषणा देणाऱ्यांत दगडू उभा होता. त्या दिवसापासून बोलणं बंद.

पुढे ती मिलही बंद पडली. दगडूने एका बँकेत वॉचमनची नोकरी धरली, वसंत लालबागला मसाल्याच्या दुकानात लागला. मुलांची लग्नं झाली, दोघे रिटायर झाले, साठी उलटली. बायका वाटीभर कालवणाची देवघेव करायच्या. नवरे जिन्यात समोरासमोर आले की एकाला भिंत दिसायची, दुसऱ्याला छत.

चाळीत वाढलेल्या अंबिकाने कॉम्प्युटरचा कोर्स करून तळमजल्यावरच्या गाळ्यात सायबर कॅफे काढला, त्याला दोन हजार चार साली वर्षही झालं नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसे, पण मशीन तापतात म्हणून एसी चालू ठेवावा लागे. मे महिन्यात दगडूकाका एका कोपऱ्यात येऊन टेकले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोपऱ्यात वसंतकाका.

"फुकट गारव्यात बसायचं तर काहीतरी शिका," अंबिका म्हणाली, आणि तिने दोघांना एक खेळ लावून दिला.

खेळ अवकाशातला होता. प्रत्येकाला एक छोटं यान मिळे. एका ताऱ्यापाशी स्वस्तात माल घ्यायचा, दुसऱ्या ताऱ्यापाशी नेऊन चढ्या भावाने विकायचा, त्या नफ्यातून मोठं यान घ्यायचं. कॅफेतली सगळी मशीन वायरने जोडलेली, त्यामुळे सगळ्यांचं आकाश एकच.

"म्हणजे भायखळ्याची भाजी दादरला," दगडूकाका म्हणाले.

"तेच. फक्त मध्ये रस्ता नाही."

ताऱ्यांची इंग्रजी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात. दगडूकाकांनी आपल्या कोकणातली नावं द्यायला सुरुवात केली: पाण्याच्या ग्रहाला वेंगुर्ला, खनिजाच्या ग्रहाला खाणींचं रेडी. वसंतकाका स्वतःशी पुटपुटताना तीच नावं घेऊ लागले. अंबिकाच्या ते लक्षात आलं.

अडचण एवढीच होती की दुपारच्या वेळी अख्ख्या आकाशात व्यापारी दोनच. वसंतकाकांनी वेंगुर्ल्याला खनिज ओतलं की तिथला भाव पडायचा, आणि मागून खनिज घेऊन आलेले दगडूकाका कपाळावर हात मारायचे.

"अंबिके, त्याला सांग, माल जरा दमाने काढ."

"काका, ते दोन खुर्च्या सोडून बसलेत."

"तू सांग."

"त्याला सांग," तिकडून उत्तर आलं, "लवकर उठावं माणसाने."

असा महिना गेला. मग दोघांनाही एका लांबच्या ताऱ्याचा पत्ता लागला. तिथे औषधांना तिप्पट भाव मिळायचा, पण वाटेत लुटारू चाचे होते. दगडूकाका एकटे गेले आणि सगळं लुटवून आले. वसंतकाका त्यांच्या फजितीवर गालात हसले, दुसऱ्या दिवशी एकटे गेले आणि तेही लुटवून आले. अंबिका हसून हसून लाल झाली.

"एकट्याचं काम नाही ते," ती म्हणाली. "दोन यानं जोडीने जाऊ द्या. एकात माल भरा, दुसऱ्यावर तोफा चढवा. नफा अर्धा अर्धा."

दगडूकाका पडद्याकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, तोफा मी घेतो. पण बोलणार नाही."

"बोलायला सांगितलंय कुणी?" वसंतकाका म्हणाले.

निघाले. पुढे औषधांनी भरलेलं वसंतकाकांचं यान, मागे दगडूकाकांचं. अर्धी वाट सुरळीत गेली. मग चाचे आले, ते मागून. त्यांनी दगडूकाकांना गाठलं. एक तोफ गेली, इंजिन धुमसायला लागलं. वसंतकाकांची वाट मात्र मोकळी होती. तो लांबचा तारा त्यांना समोर दिसत होता. सरळ गेले असते तर सगळी औषधं विकली गेली असती.

दगडूकाका खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांच्या तोंडून गावची बोली बाहेर पडली.

"वश्या! फिर मागे! माका घेरल्यानी रे!"

हाक ऐकून अंबिकाच्या हातातलं पेन खाली पडलं.

वसंतकाकांनी दगडूकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी यान गर्रकन वळवलं, चाच्यांच्या तोंडावर नेलं आणि सगळा माल बाहेर सोडून दिला. औषधांच्या पेट्या अंधारात विखुरल्या. चाचे दगडूला सोडून पेट्यांमागे धावले. तेवढ्यात दोन्ही यानं, एक धडधाकट आणि एक रखडत, निसटली.

"सगळो माल टाकलंस?" दगडूकाका ओरडले. "येडो काय रे तू?"

"मगे काय, तुका टाकू?"

दगडूकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मग अंबिकाला म्हणाले, "दोन चहा सांग गो." थोड्या वेळाने म्हणाले, "तीन सांग. तूही घे."

चहा आला. वसंतकाकांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"तेव्हा शांती इस्पितळात होती," ते म्हणाले. शांती म्हणजे त्यांची धाकटी मुलगी. "औषधाची सोय नव्हती. म्हणून मी आत गेलो."

"ठाऊक आहे. मालनने त्याच आठवड्यात सांगितलं होतं." मालन म्हणजे दगडूकाकांची बायको.

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस?"

"आधी राग होता. राग गेला, तोवर सवय झाली. आणि तू तरी कुठे बोललास?"

"मला वाटलं, तोंडावर थुंकशील."

"थुंकलो असतो," दगडूकाका प्रामाणिकपणे म्हणाले. "पहिली दोन वर्षं नक्कीच."

वसंतकाकांना हसू आलं, चहाचा ठसका लागला. दगडूकाकांनी त्यांची पाठ थोपटली, जरा जास्तच जोरात.

त्या सफरीत दोघांचं दिवाळं वाजलं होतं. दोन्ही यानं विकून आणि उरलंसुरलं एकत्र करून त्यांनी एकच मोठं यान घेतलं. आता एका मशीनसमोर दोन खुर्च्या लागल्या. माऊस एकाकडे, कीबोर्ड दुसऱ्याकडे. बावीस वर्षांचं बोलणं शिल्लक असावं तसे दोघे दिवसभर भांडत. वसंतकाकांना कापड भरायचं असे, दगडूकाकांना खनिज.

एकदा बकुळा नावाची कॉलेजची मुलगी प्रिंट काढायला आली. प्रिंटर नेमका त्यांच्याच मशीनला जोडलेला होता.

"पाच मिनिटं थांब गो बाय," दगडूकाका म्हणाले. "जहाज वाटेत आहे."

बकुळाने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मग एक स्टूल ओढून घेतलं.

"कापड नको, खनिज नको," ती म्हणाली. "ह्या ग्रहावर दुष्काळ लिहिलाय. धान्य भरा ना!"

दोघे म्हातारे एकदम तिच्याकडे वळले. "कुठे लिहिलंय? दाखव."