सवय असलेली माणसं

अंड्याच्या बलकाभोवती एक हिरवट-करडी कड होती, आणि अंडं मधोमध चिरून आत भरलेल्या मिरचीच्या ठेच्याचं लाल पाणी त्या कडेवरून ओघळत खालच्या कागदात जिरत होतं. कागद कुणाच्या तरी गणिताच्या वहीतला. अर्धं अंडं वुंपिनीनं खाल्लं होतं. उरलेल्या अर्ध्याकडे बघताना तिला एकाएकी वाटलं, हे आपल्या घशाखाली उतरलंच कसं.

तिकिटाची रांग हलत नव्हती. पुढच्या बाईच्या पाठीला बांधलेलं पोर झोपेत लाळ गाळत होतं, ती लाळ बाईच्या नव्या कापडावर पसरत होती आणि बाईला त्याचा पत्ता नव्हता. स्टँडच्या भिंतीवर ‘येथे लघवी करू नये’ असं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. त्या अक्षरांच्या बरोब्बर खाली एक गृहस्थ पाठमोरे उभे राहून, मान वर करून, जणू तेच वाचत आहेत अशा शांतपणे... वुंपिनीनं तोंड फिरवलं. ज्या बाजूला फिरवलं तिकडे गटार होतं.

एरवी हे सगळं तिला दिसत नसे. बावीस वर्षं राजधानीत, आक्र्यात, काढल्यावर डोळ्यांना एक साय धरते. आज ती साय कुणीतरी बोटानं काढून घेतली होती – आणि कुणी, तेही तिला ठाऊक होतं. काल नापारीची यादी आली होती.

नापारी तिचा धाकटा भाऊ. चौदा वर्षं हाम्बुर्गला. परवा तो बायकोला, कातरिनला, घेऊन आक्र्यात उतरणार होता आणि शनिवारी सगळ्यांनी उत्तरेला, तमालेला पोचायचं होतं. वडिलांना जाऊन वर्ष झालं, त्याची दुआ होती, म्हणजे प्रार्थना आणि गावजेवण. ‘ताई, तू या धंद्यात आहेस, तूच नीट बसव,’ असं लिहून त्यानं खर्चाचा तक्ता पाठवला होता. तमालेपर्यंत विमानाची दोन तिकिटं. तमालेत चार दिवस एसी गाडी, ड्रायव्हरसकट. हॉटेल, जनरेटर असलेलं. कातरिनसाठी सीलबंद पाणी, मलेरियाच्या गोळ्या. सुट्या नोटा, वाटेत द्यायला-घ्यायला. ‘अचानक येणाऱ्या अडचणींसाठी’ दहा टक्के बाजूला... आणि सगळ्यांत खाली, बेरीज झाल्यानंतर आठवल्यासारखं : ‘आई आणि तू – बस. आईला सवय आहे.’

ते दहा टक्के विमानाच्या एका तिकिटाहून जास्त होत होते. तिनं दोनदा हिशोब करून पाहिला होता. म्हणजे आई त्या तक्त्यात माणसांमध्ये तर नव्हतीच – अडचणींमध्येसुद्धा धरलेली नव्हती.

रांगेतूनच तिनं फोन लावला.

“नापारी, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून तीन आठवडेसुद्धा झालेले नाहीत.”

“अगं, डॉक्टर प्रवास चालेल म्हणाले ना? तूच सांगितलंस.”

“धक्के नकोत म्हणाले. धूळ नको म्हणाले. बारा-चौदा तासांचा रस्ता आहे, कुमासीच्या पुढे काय खड्डे आहेत तुला माहीत आहे.”

“मग चांगली एसी बस घे. खिडक्या बंद असतात.” मागे कुठेतरी ताटल्या वाजत होत्या, तो न्याहारी करत असावा. “ताई, ऐक. तंबू माझा, खुर्च्या माझ्या, बैल माझा, सगळ्या गावाचं जेवण माझं. इथं काय झाडाला युरो लागतात असं वाटतं का तुम्हाला?”

“तुम्हाला म्हणजे कुणाला?”

तो हसला. लहानपणी दूध सांडून हसायचा तसा. “चिडतेस काय? तूच तर लिहिलंयस.”

“मी काय लिहिलंय?”

“जाऊ दे. तिकिटं काढ, भरतील नाहीतर. दुआची वेळ आहे, भांडू नको.”

फोन बंद झाला आणि रांग हलली.

सवय आहे. हो, आहे ना. चौदा वर्षांपूर्वी त्याला विमानात बसवायला आई तमालेहून आली ती ट्रकमध्ये, कोनफळांच्या पोत्यांवर बसून. दोन दिवस. उतरली तेव्हा पापण्यांचे केस पांढरे झाले होते, आणि हसली तर तेवढे दात ओले, बाकी सगळा चेहरा मातीचा. विमानतळाच्या दाराशी शिपायानं तिला अडवलं. काचेतून नापारीची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली आणि मग तोच ट्रक रिकामा परत निघाला होता, फुकट जायला मिळतंय म्हणून त्यातच चढली... पोती नसल्यानं परतीचे धक्के जास्त लागले म्हणे. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, माहिती म्हणून सांगितलं होतं.

खिडकीतल्या माणसानं दात कोरत विचारलं, “किती?”

“दोन. शुक्रवार पहाटेची. पुढची सीट द्या, म्हातारं माणूस आहे.”

“पुढची सगळ्यांनाच हवी असते, मॅडम. मागे काय सिंह बसवलेत?”

मागून तिसरी ओळ मिळाली. तिकिटं घामेजल्या हातात मऊ पडली. नापारीबद्दलचा राग घेऊन ती ऑफिसला गेली. आणि खरं सांगायचं तर त्या रागात एक प्रकारची ऊब होती, हे तिला तेव्हा कळलं नाही.

ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि क्वार्टी साहेब. परदेशातून येणाऱ्यांना प्रवास आखून द्यायचा, हा धंदा. रोज किती खर्च येईल, रोख किती ठेवावी, कुठं घासाघीस करावी, कुठं करू नये.

“वुंपिनी, एक डच बाई आहे,” क्वार्टी साहेब चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. “तीन आठवडे, बजेट कमी. उत्तरेला विमान सुचवू की बस?”

“बस. मरत नाही कुणी.”

“आज काय अंगात आलंय तुझ्या? आपलं पत्रक तर विमान म्हणतं. तुझंच आहे.”

तिनं ड्रॉवरमधून पत्रक काढलं. चार वर्षांपूर्वी तिनंच लिहिलेलं, क्वार्टी साहेबांनी भलतंच कौतुक केलेलं. नापारीलाही तेव्हा पाठवलं होतं – बघ, तुझी ताई लिहिते. पान तिसरं. ‘आक्रा ते तमाले बसचा प्रवास दीर्घ व कष्टाचा आहे. स्थानिक लोकांना त्याची सवय असते. आपल्यासाठी आम्ही विमान सुचवतो.’

तिनं ते पुन्हा वाचलं. वाक्य चांगलं होतं. हेच वाईट होतं – वाक्य चांगलं, गुळगुळीत होतं, कुठंही अडत नव्हतं. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोण होतं? कोणीच नव्हतं. ‘स्थानिक लोक’ होते, चेहरा नसलेले, पोत्यांवर बसलेले... मला तेव्हा किळस आली नाही. उलट त्या दिवशी मी क्वार्टी साहेबांकडे पगार वाढवून मागितला होता आणि त्यांनी दिला होता.

“काय झालं?” क्वार्टी साहेबांनी विचारलं.

“काही नाही. ऊन लागलं.”

संध्याकाळी घरी, शहराच्या कडेच्या मदिना वस्तीकडे, जाणाऱ्या ट्रोट्रोत, त्या खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये, ती खिडकीशी बसली. शेजारचा माणूस झोपेत तिच्या खांद्यावर कलंडत होता, त्याच्या शर्टाला सुक्या मासळीचा वास होता, आणि ती त्याला ढकलत नव्हती. ढकलण्याइतका राग कुठं गेला होता कोण जाणे. उरली होती ती एक चिकट भावना, आणि तिला नापारीचं नाव देता येत नव्हतं.

ऑपरेशनसाठी तिच्याकडे आलेली आई दारातल्या स्टुलावर बसली होती, उजव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी, मांडीवर भेंडीचं ताट. भेंडी ती बघून नव्हे, बोटांनी चाचपून चिरत होती.

“तिकिटं मिळाली?”

“मिळाली. शुक्रवार पहाट.” वुंपिनीनं पिशवी खाली ठेवली. “आई, नापारीला मी बोलले आज. विमानाचं.”

“कशाला बोललीस? त्यानं विचारलं होतं मला.”

“कधी?”

“परवा, फोनवर. आई, विमानानं येतेस का, म्हणाला. मी म्हटलं, ढगात बसून काय करू? बसनं आलं की वाटेत किंटाम्पोला उतरता येतं, पाय मोकळे होतात.” सुरी थांबली. “बरं वाटलं मला. विचारेल असं वाटलं नव्हतं.”

“मग हो का नाही म्हणालीस? तुला विमानानं जायचं नव्हतं?”

आईनं तोंड तिच्याकडे वळवलं. उघड्या डोळ्यात अजून जुना मोतीबिंदू होता. तो डोळा वुंपिनीच्या थोडा डावीकडे बघत होता.

“विचारल्यावर नकोच म्हणायचं असतं, पोरी. त्यावर दुसऱ्यांदा विचारलं तर खरं.” ती पुन्हा भेंडीकडे वळली. “तू तर एकदाही विचारलं नाहीस.”

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं.

वुंपिनीनं पिशवी पुन्हा उचलली. मी काय विचारणार, माझ्याकडे काय... आणि तिथंच तिचं मन अडखळलं. कारण तिच्याकडे पैसे होते. फोनच्या खात्यात होते, फ्रिजसाठी साठवलेले, दहा महिन्यांचे. विमानाचं एक तिकीट निघून वर उरले असते. दिवसभर – रांगेत, ऑफिसात, ट्रोट्रोत – तिनं भावाचा तक्ता ओळीओळीनं सोलून पाहिला होता, त्याचे दहा टक्के मोजले होते, आणि या पैशांची तिला आठवणसुद्धा झाली नव्हती. विसरले, असंही म्हणता येत नव्हतं. ते कुठंतरी आत, हाताच्या अंतरावर, नीट झाकून ठेवलेले होते, आणि त्यांच्यावर तिनं नापारीचा राग पसरून ठेवला होता. म्हणून तो इतका उबदार होता.

अजूनही तिकीट मिळेल. आत्ता, या क्षणी, दोन बटणं दाबली तर. तिनं फोन काढला नाही. काढणार नाही असंही ठरवलं नाही. आईला आता ‘येतेस का विमानानं’ असं विचारलं तर ती ‘नको’ म्हणेल – आणि त्या ‘नको’ची वाट बघतच आपण विचारू की काय, याची तिला भीती वाटली.

“थेंबांची वेळ झाली,” आई म्हणाली.

वुंपिनीनं बाटली आणली. जाळीदार वाटी अलगद काढली. आईनं मान मागे टाकली, ऑपरेशन झालेला डोळा उघडला. नवा, स्वच्छ, पाणावलेला, आणि तो बरोबर तिच्याकडे बघत होता. वुंपिनीनं खालची पापणी ओढायला अंगठा पुढे केला.

“हात धुतलेस का?”

“धुतले,” ती म्हणाली. धुतले होते, आल्याआल्या, साबण लावून. पण अंगठा तिथंच हवेत राहिला, पापणीपासून बोटभर दूर. आणि आई डोळा ताणून, न मिटता, थांबून राहिली होती.

“थांब,” वुंपिनी म्हणाली. “पुन्हा धुऊन येते.”